जहाजाचा डावा पंखा

काकासाहेबांना तराफा बांधायची हौस मुळीच नव्हती. ती पाळी त्यांच्यावर आली द्वारकाबाईंच्या एका वाक्यामुळे. द्वारकाबाई म्हणजे त्यांच्या परतूरच्या विहीणबाई. श्रावणात लेकीचं, शिवकन्येचं, डोहाळजेवण परतूरला झालं. ओटी भरून झाली, पानं वाढली आणि काकासाहेबांच्या मंडळींनी, पुष्पाबाईंनी, पंगतीतच विषय काढला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, तेव्हा सातव्या महिन्यात पोरीला घेऊन जातो म्हणाल्या. द्वारकाबाईंनी भजं मोडता मोडता सांगून टाकलं, "काहिलीत बसून माझी सून कुटंबी जानार न्हाई. काहिलीत गूळ करत्यात."

बायकांची पंगत हसली, ती बाहेर ओसरीवर बसलेल्या काकासाहेबांना ऐकू गेली. बोलणं झोंबलं, कारण ते खोटं नव्हतं. आष्टीच्या रस्त्यावरून सावरवाडी समोर दिसते, पण मधे तलावाचं पाणी आहे. तलाव झाला तेव्हा गाव वाचलं आणि वाट बुडाली. उन्हाळ्यात पाणी आटलं की जुनी वाट उघडी पडते नि बैलगाडी खुशाल जाते. एरवी दोनच मार्ग. एक बांधावरून लांबचा वळसा, तोही काळ्या मातीतून, जिथे पावसाळ्यात पाय वर येतो पण चप्पल खालीच राहते. दुसरा म्हणजे रखमाजीची काहील. गूळ आटवायची ती मोठी लोखंडी कढई. गुऱ्हाळ बंद पडल्यावर रखमाजीनं ती पाण्यात सोडली. माणसाला आत बसवायचं आणि आपण मागून पोहत ढकलायचं. मास्तर, नवरी, दळणाचे डबे, सगळं त्यातूनच जायचं यायचं. गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. परतूरच्या मोंढ्यातल्या अडत दुकानदाराच्या घरी ते कसं ऐकू येत असेल, हे काकासाहेबांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुष्पाबाई परत येताना जीपमध्ये सबंध रस्ता पदर डोळ्यांना लावून बसल्या. एकुलती एक पोर, तिचं पहिलं बाळंतपण, आणि तेही परक्या हातानं. निघता निघता काकासाहेबांनी मात्र व्याह्यांना, सर्जेरावांना, गाठून शब्द दिला होता. अधिक महिना येतोय, लेकी-जावयाला धोंड्याचं वाण द्यायचं आहे, तेव्हा तुम्ही सगळेच जेवायला या. "इवाई, खुर्चीत बसून पानी वलांडाल. पायाला थेंब लागनार न्हाई. मंग बोला."

सर्जेराव म्हणाले, "म्हंजी तसं झालं तर…" आणि थांबले. सर्जेराव मोंढ्यात भाव पुकारताना लांबवर ऐकू जात, पण घराच्या उंबऱ्याच्या आत आले की त्यांचं कुठलंच वाक्य पुरं होत नसे. ते पुरं करायचं काम द्वारकाबाईंकडे होतं. त्यांनी ते आतूनच केलं, "तसं झालं तर सुनेला तिथंच ठिवून येते. न्हाई झालं तर पुन्हा हा विषय काढायचा न्हाई."

झालं. बाळंतपण आता तराफ्यावर येऊन ठेपलं.

तराफा बांधायला घेतला मच्छिंद्रनं. आष्टीला त्याचं वेल्डिंगचं दुकान. नांगर, ट्रॉली, लोखंडी दरवाजे, पाळणे असं सगळं तो करायचा. पाण्यावर तरंगणारं काही त्यानं जन्मात केलं नव्हतं, पण नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती. त्यानं तेलाची रिकामी टिपाडं आडवी बांधली, वर फळ्या ठोकल्या, बाजूंनी कठडा केला. मधोमध काकासाहेबांच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन बसवलं. विजेची मोटर आल्यापासून ते गोठ्यात पडून होतं. खुर्च्या घसरतील म्हणून एका मोडक्या जीपचं लांब सीट आणून ते तोंड गावाकडे करून फळ्यांखालच्या अँगलला पक्कं वेल्ड करून टाकलं. मान्य करायला हवं, तराफा दिसायला देखणा झाला. काकासाहेब रोज काठावर जाऊन त्याच्याभोवती चक्कर मारून येऊ लागले.

राहिला होता पंखा. इंजिनाला जोडलेला दांडा मागून पाण्यात उतरत होता, त्याच्या टोकाला पंखा लावायचा, तो पाणी कापणार आणि तराफा चालणार. एवढं मच्छिंद्रला ठाऊक होतं. कसा पंखा, ते ठाऊक नव्हतं. पण मराठवाड्यात पंख्याला काय तोटा? त्यानं काकासाहेबांच्याच माडीवरचा कुलर उघडला. कुलरचा पंखा लावून इंजिन चालू केल्याबरोबर पाण्यात एकदा खडखड झाली आणि सगळं शांत झालं. पंखा वर काढला तर पत्र्याची पाती वाळत घातलेल्या पापडांसारखी वळली होती.

"हवेचा व्हता," मच्छिंद्र म्हणाला. "पान्याला दणकट पायजे."

मग त्यानं परतूरच्या एका जुन्या जिनिंगमधून रुई उडवणारा मोठा लोखंडी पंखा मिळवला. तो इतका मोठा होता की अर्धा पाण्यात बुडला आणि अर्धा वरच राहिला. इंजिन सुरू झालं. तराफा जागचा हलला नाही. पंख्यानं मात्र तलावाचं पाणी उचलून काठावर बघायला जमलेल्या गावावर असं काही ओतलं, की बाया लुगडी पिळत घरी गेल्या. मास्तर तेवढ्यातच चष्मा पुसायला काढून बसले होते, त्यामुळे त्यांना काय झालं हे शेवटपर्यंत कळलं नाही. काकासाहेब ओलेचिंब उभे राहून नुसते तराफ्याकडे पाहत होते. आठवड्यानं धोंड्याचा महिना लागणार होता.

तेव्हा त्यांनी ठरवलं की हे काम आता मच्छिंद्रवर सोडायचं नाही. पंखा आपण स्वतः निवडायचा. कुणीतरी सांगितलं की जालन्याला लोखंडाचे कारखाने आहेत, तिथे देशभरातलं भंगार वितळायला येतं, मोडलेली जहाजंसुद्धा येतात. काकासाहेब मच्छिंद्रला घेऊन जालन्याला गेले, आणि काय सांगू, पहिल्याच भंगारवाल्याकडे ताडपत्रीखाली त्यांना जहाजाचे पंखे दिसले. दोन होते. एकाच मापाचे, तीन तीन पात्यांचे, फार मोठे नाहीत, तराफ्याला जणू मोजून केलेले.

काकासाहेबांचं आयुष्य बैल पारखण्यात गेलेलं. आसपासच्या गावांतली माणसं त्यांना बैल घ्यायला सोबत न्यायची. त्यांना पंख्यातलं काही कळत नव्हतं, पण समोर जोडी उभी आहे म्हटल्यावर त्यांच्यातला पारखी जागा झाला. त्यांनी दोन्ही पंख्यांभोवती फेरी मारली. पाठीवरून हात फिरवला. पात्यांना बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला. कुठे चीर आहे का, कुठे झिजलाय का पाहिलं. एकाच्या पात्याला टवका उडाला होता आणि अंगावर गंज होता. दुसरा तुकतुकीत, उमदा. त्यांच्या एवढंही ध्यानात आलं की दोघांची पाती एकमेकांकडे तोंड करून वळलेली आहेत, आणि त्यांना वाटलं, वा, जोडी काय शोभते.

भंगारवाला म्हणाला, "एकच जहाज के हैं काका. एक इस बाजू का, एक उस बाजू का. जोडी फोडो मत."

"जोडी काय करायची बाबा," काकासाहेब म्हणाले, "माझं इंजिन एकच हाये." आणि त्यांनी तुकतुकीत पंख्यावर हात ठेवला.

मच्छिंद्रनं तेवढं भोक मापलं. दांडा बरोबर बसत होता. दोघं पंखा घोंगडीत गुंडाळून घेऊन आले. गावात ही बातमी पसरली की काकांनी समुद्र पाहिलेला पंखा आणलाय. लोक बघायला आले, पुष्पाबाईंनी हळदकुंकू लावलं, आणि तो दांड्यावर चढला तेव्हा अधिक महिना लागून गेला होता.

आता मच्छिंद्र म्हणाला की एकदा चालवून पाहू. हे अगदी रास्त होतं. पण पुष्पाबाई आडव्या आल्या. धोंड्याच्या महिन्यात कुणी नवं काही सुरू करतं का? घर नाही, लग्न नाही, विहीर नाही. आणि तुम्ही नवं यंत्र चालू करणार, तेही ज्यावर पोटुशी पोर बसणार? काकासाहेबांनी विचारलं, मग जेवायच्या दिवशी काय करायचं? पुष्पाबाईंकडे उत्तर तयार होतं.

"या म्हयन्यात लेक-जावई म्हंजी लक्ष्मीनारायन. त्यांचं पाऊल पडल्यावर काय बी सुरू करा, दोष न्हाई. त्याच्या आधी हात लावायचा न्हाई."

तेव्हा पंख्याला कुणी हात लावला नाही. काकासाहेब मनातून निर्धास्त होते. जनावर आपण पारखून घेतलंय म्हटल्यावर चाचणी कसली?

ठरलेल्या दिवशी परतूरची जीप रस्त्याच्या काठाला येऊन थांबली. तराफा पलीकडून बांबूनं रेटत आधीच आणून ठेवला होता. पुढच्या बाजूला झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे, केळीचे खांब. समोर, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर, सावरवाडीच्या काठाला अख्खं गाव उभं होतं. हलगी वाजत होती. पुष्पाबाई ओवाळायचं ताट घेऊन सर्वांत पुढे. रखमाजी आपली काहील काठाला उपडी घालून तिच्यावर बसला होता. धंदा बुडाल्यामुळे तो जरा घुश्शात होता.

द्वारकाबाईंनी जीपमधून उतरून तराफा पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळला. काही बोलल्या नाहीत. ही सुरुवात इतकी चांगली होती की काकासाहेबांना धीर आला. सीटवर मधे द्वारकाबाई, एका बाजूला शिवकन्या, एका बाजूला जावई, कडेला सर्जेराव असे सगळे गावाकडे तोंड करून बसले. जावईबापूंच्या हातून नारळ फुटला. मच्छिंद्रनं हँडल मारलं. इंजिन धडधडलं, मागे पाणी उसळलं आणि तराफा निघाला.

तो मागे निघाला.

आधी कुणाच्या ध्यानातच आलं नाही. गाव हळूहळू लहान होतंय असं सर्जेरावांना वाटलं, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. मग तराफ्याची मागची बाजू काठाच्या चिखलात घुसली आणि जहाजाचा पंखा चिखलातच फिरू लागला. तो समुद्रात काय करत असेल ते असो, इथे त्यानं गाळाचा एक भलामोठा लपका उचलला आणि काठावर उभ्या असलेल्या पांढऱ्या जीपवर थापला. आत बसलेला ड्रायव्हर डोकं बाहेर काढून काय झालं ते बघायला गेला, तेवढ्यात दुसरा आला.

"मच्छिंद्र," काकासाहेब हळूच म्हणाले, "आपन मागं कामून चाललो?"

मच्छिंद्रचं तोंड उघडंच होतं. "काका, मी तर पुढंच लावलंय," तो म्हणाला. "पन त्ये मागं जाऊन राह्यलं."

"पुढं घालायचा गेर टाक ना मंग."

"इंजिनाला गेर नसतो काका. हिरीवर त्याला कुटं जायचं नसतं."

काकासाहेबांनी एकदा पुढे पाहिलं, एकदा मागे. समोर गाव, मागे व्याही, आणि मधे लेकीचं बाळंतपण. पण बैलांत आयुष्य घालवलेला माणूस. जनावर उलटं चालायला लागलं तर काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. तोंड फिरवायचं. दोघांनी बांबू घेतले आणि तराफा जागच्या जागी गर्रकन फिरवला. आता मागची बाजू गावाकडे झाली. मच्छिंद्रनं इंजिन पुन्हा धडधडवलं आणि तराफा मागे मागे, पण सरळ सावरवाडीच्या दिशेनं निघाला. काकासाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला.

आता जरा पलीकडच्या काठावरून पाहा. पुष्पाबाई ताट घेऊन उभ्या आहेत. तराफा येतोय खरा, पण येताना माळा आणि केळीचे खांब पलीकडच्या टोकाला. आणि सीटवरची परतूरची चारही माणसं गावाकडे पाठ करून ताठ बसलेली. कुणी वळून बघायला तयार नाही. हलगी आपोआप बंद पडली. लोक कुजबुजले, व्याही रुसले. काय चुकलं असंल? जीपच्या भाड्याचं काही झालं का? मानपानाचं काही राहिलं का? पुष्पाबाईंनी ओळखलं, ती मधली पाठ द्वारकाबाईंची होती. शेजारणीच्या हातात ताट देऊन त्यांनी काठावरूनच हात जोडले आणि ओरडून सांगितलं की लेकरांचं काय चुकलं असंल तर पदरात घ्या, पन तोंड फिरवू नका.

तोंड फिरवायला वाव कुठे होता? सीट वेल्ड केलेलं. उठून उभं राहावं तर तराफा झुलायचा. द्वारकाबाईंनी नुसती मान वळवायचा प्रयत्न केला, तेव्हा टिपाडांमध्ये असा काही आवाज झाला की त्यांनी पुन्हा मागे वळून पाहायचं नावच काढलं नाही. त्या समोरच्या चिखलानं माखलेल्या जीपकडे टक लावून बसल्या. चेहऱ्यावर कसलाही भाव नव्हता. सर्जेरावांनी इतक्या वर्षांत त्यांना इतका वेळ गप्प कधी पाहिलं नव्हतं. ते अधूनमधून बायकोकडे चोरून बघत होते.

गाव अगदी हाताशी आलं आणि मग वळवायचं काम आलं. तराफ्याला वळवायला मच्छिंद्रनं मागे एक लोखंडी पत्रा लावला होता. आता मागची बाजूच पुढे झालेली. पत्रा डावीकडे केला की तराफा भलतीकडेच जायचा आणि सरळ केला की आणखी वळायचा. काठाला लागायच्या ऐवजी तराफा काठाच्या समोरून निघून गेला. लोकांनी हात केले. तराफा मोठा वळसा घेऊन परत आला आणि पुन्हा समोरून निघून गेला. पुष्पाबाईंनी ताट परत हातात घेतलं होतं. प्रत्येक वेळी माणसं समोर आली की त्या ओवाळायला जात आणि तोवर ती पुढे निघून जात. देवळाला घालतात तशी गावाला प्रदक्षिणा चालली होती.

"मच्छिंद्र, बंद कर," काकासाहेब म्हणाले.

मच्छिंद्रनं इंजिन बंद केलं. मग एकदम एवढी शांतता झाली की काठावर कुणाचं तरी लेकरू रडत होतं ते ऐकू आलं. वाऱ्यानं तराफा हळूहळू आत नेला आणि पाण्याखाली उभ्या असलेल्या कुठल्यातरी जुन्या बाभळीच्या शेंड्यात तो घट्ट अडकून बसला. आता पुढेही नाही आणि मागेही नाही.

शेवटी रखमाजीनं काहील सुलटी केली. आपल्याला कुणी बोलावलं नव्हतं, असं दोनदा तोंडानं म्हणत तो पाण्यात उतरला आणि काहील ढकलत तराफ्यापाशी आला. शिवकन्या उठली, पदर खोचला आणि नवऱ्याचा हात धरून सावकाश काहिलीत उतरून मांडी घालून बसली. लहानपणापासून शाळेला ती त्यातूनच गेलेली. काकासाहेबांनी पोरीकडे पाहिलं. ती हसत होती. तलावावर आल्यापासून हसणारं ते पहिलंच माणूस होतं, आणि ते बघून काकासाहेबांना रडूच यायचं बाकी राहिलं. आता हिला आपण दोन घास खाऊ घालणार आणि संध्याकाळी परत पाठवणार. शब्द आपणच दिला होता, खुर्चीचा.

मग द्वारकाबाईंची पाळी आली. त्या कशा उतरल्या ते सांगण्यात अर्थ नाही. नेसूची जरीची साडी, हातात धोंड्याच्या निमित्तानं सुनेला आणलेला डबा, आणि खाली ती काहील. बसल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी काठ असे धरले की रखमाजीला पोहताना सारखं सांगावं लागत होतं, "ईनबाई, हात जरा आत घ्या, मला धरायला जागा ठिवा." त्या काठाला पोचल्या तेव्हा पुष्पाबाईंनी एकदाचं ओवाळलं. द्वारकाबाईंनी डोळे मिटूनच ते घेतलं.

सगळ्यांत शेवटी काकासाहेब आले. येताना काहिलीत बसून त्यांनी अडकलेल्या तराफ्याकडे पाहिलं. दांडा वर उचलला गेला होता आणि पंखा पाण्याच्या वर तुकतुकीत चमकत होता. आणि तेव्हा, त्या काहिलीत, त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भंगारवाला काय म्हणाला होता? एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. बैलांच्या जोडीत एक डाव्या अंगाला चालायला शिकलेला असतो आणि एक उजव्या. डाव्याला उजवीकडे जुंपलं तर तो मागे रेटतो. हे त्यांनी शेकडो माणसांना समजावून सांगितलं होतं. आणि स्वतः त्यांनी जोडी बघितली, पाती एकमेकांकडे वळलेली बघितली, अंगावरची तकाकी बघितली, आणि नेमका नको त्या अंगाचा बैल उचलून आणला. टवका उडालेला तो दुसराच आपला होता.

जेवण झालं. पुरण घातलेले धोंडे होते, अनारसे होते, जावयाला चांदीचं निरांजन दिलं, लेकीची ओटी भरली. पुष्पाबाई वाढताना लेकीच्या पानात तूप ओतत होत्या आणि ओततच राहत होत्या. विडे झाले आणि सर्जेराव घसा खाकरून म्हणाले, "मंग आता निघायचं म्हनलं तर…"

"कशानं?" द्वारकाबाई म्हणाल्या.

सकाळपासूनचा तो त्यांचा पहिला शब्द.

"कशानं निघायचं, सांगा की. त्या तराफ्यावर मी पाय ठिवनार न्हाई. काहिलीत पुन्हा बसनार न्हाई, माझा जीव अजून जाग्यावर आला न्हाई. आन् बांधावरून त्या चिखलातनं सातव्या म्हयन्याच्या पोरीला कुनी न्यायचं? माझी सून आता पानी हटल्याबिगर हितून हलनार न्हाई. बाळतपन हितंच करा."

काकासाहेबांना आपल्या कानांवर विश्वास बसेना. पुष्पाबाई मटकन खालीच बसल्या आणि त्यांनी शिवकन्येला तिथेच कवटाळलं. तराफा अडकला, अब्रू बुडाली, आणि लेक मिळाली. काकासाहेब उठून व्याह्यांना मिठी मारणार, तोच द्वारकाबाईंनी बाकीचं सांगितलं.

"आन् मी बी."

"म्हंजी?" पुष्पाबाई म्हणाल्या.

"म्हंजी मी बी हितंच राहनार. मी काय उडत जाऊ? माडीवरची खोली झाडून घ्या. कुलर हाय ना?"

कुलरला पंखा नव्हता, पण ते सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. पाणी हटायचं म्हणजे शिमगा. मधे दसरा, दिवाळी, बाळंतपण, बारसं, संक्रांत. पुष्पाबाईंचे डोळे लेकीच्या खांद्यावरून काकासाहेबांकडे वळले. त्यात आनंद होता आणि त्याच्या मागोमाग जे आलं त्याला नाव नाही. द्वारकाबाई तोवर उठून चुलीपाशी गेल्या होत्या आणि एवढं तेल भाजीत कोण घालतं, अशी चौकशी करत होत्या.

दारात मच्छिंद्र उभा होता. बिचारा दिवसभर जेवलाही नव्हता. त्यानं काकासाहेबांना सांगितलं की आता त्याला सगळं समजलंय, तो आत्ताच जालन्याला जातो, तो टवक्याचा दुसरा पंखा घेऊन येतो आणि उद्या दुपारपर्यंत तराफा सुतासारखा सरळ नेऊन दाखवतो. काकासाहेब घाईनं म्हणणार होते, जा, जल्दी जा. पण आतून चुलीपाशी सगळं ऐकू जात होतं.

"उद्या खुर्चीत बसून नीट नेलं," द्वारकाबाई आतून म्हणाल्या, "तर मी सुनेला घिऊन उद्याच परतुराला जाईन. शब्द आजचा व्हता, तो हुकला. असल्या गावात तिला कशाला ठिवू?"

काकासाहेब जागच्या जागी उभे राहिले. त्यांनी आत पाहिलं. शिवकन्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली होती आणि पुष्पाबाई तिच्या केसांतून बोटं फिरवत होत्या. पुष्पाबाईंच्या डोक्यावर उभ्या राहून द्वारकाबाई त्यांना सांगत होत्या की केसांतून बोटं अशी फिरवायची नसतात.

तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या धोतराचा सोगा ओढला. सर्जेराव होते. त्यांनी काकासाहेबांना गोठ्याच्या आडोशाला नेलं, मागेपुढे पाहिलं आणि बोलू लागले. इतकं सलग बोलताना काकासाहेबांनी त्यांना मोंढ्याबाहेर कधी ऐकलं नव्हतं.

"इवाई, लगीन झाल्यापासून माझ्याच घरात मी रेडूवर गानं माझ्या हातानं लावलं न्हाई. भाकर मला कडक आवडती, मऊ खात आलो. दुपारी जरा डोळा लागला की ती उठवून इचारती, झोपलात का. मी तुमच्याकडं आजवर काय मागितलं न्हाई, हुंड्यातबी न्हाई. आता मागतो." त्यांनी काकासाहेबांचा हात घट्ट धरला. "तेवढा पंखा बदलू नका."

एवढं बोलून सर्जेराव निघाले, ते थेट काठावर. रखमाजीला त्यांनी स्वतःच हाक मारली. जावईबापू अजून चप्पल शोधत होते, तोवर सर्जेराव काहिलीत मांडी घालून बसलेही होते. एरवी पाण्याला भिणारा माणूस, पण आता त्यांनी पाण्यात हात बुडवून तोंड धुतलं आणि रखमाजीला तलावात मासे कोणते मिळतात ते विचारू लागले.

मच्छिंद्र मागोमाग आला. "काका, मंग जालन्याला कवा जाऊ?"

काकासाहेबांनी घराकडे पाहिलं, मग काहिलीकडे पाहिलं.

"शिमग्याला," ते म्हणाले.